भिंतीपलीकडचं गरम पाणी

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना बंब आहे. पाणी तापवणं हा माझा धंदा होता, आणि आता तो बंद झाला आहे. पण बंब विझला म्हणून त्याच्या पोटातली जळजळ विझतेच असं नाही. माझी जळजळ लाकडांची नव्हती, हेव्याची होती. ती कुठून आली आणि तिनं मला काय काय बघायला लावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी बंब पाहिलाही नसेल. मी पिंपासारखा गोल आणि लहान मुलाच्या उंचीचा आहे. माझ्या पोटातून मधोमध एक नळकांडं वरपर्यंत जातं. विस्तव त्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्या भोवतीनं. वरून गार पाणी ओतायचं, खालची पितळी तोटी फिरवून कढत पाणी बादलीत घ्यायचं. बस्स, एवढंच माझं कसब.

साताऱ्यातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे दिसतात. कोरेगावकडच्या एका शेतकऱ्यानं आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. त्या लेकीचं नाव बनुबाई. मांडवात रुखवतावर मला सगळ्यांत पुढे मांडलं होतं. बायका येत, माझ्या अंगावर बोट फिरवत आणि म्हणत, "बंब लय देखणा हाय बाई!" मग बनुबाईंबरोबर मी सासरी आलो. तासगावच्या पुढं, मळ्यातली एक वस्ती. दारात द्राक्षबाग, बाजूला बेदाण्याची शेड, आणि मागच्या परसदारी न्हाणीशेजारी माझी जागा.

बनुबाईंचे मालक लालासाहेब. माणूस कष्टाळू आणि अबोल. बागेची छाटणी झाली की वेलीच्या काड्यांच्या मोळ्या बांधून ते माझ्यापाशी आणून टाकत. वर्षभर मी त्या काड्यांवर जगायचो. बाग जे नको म्हणून टाकते, त्यावर माझं पोट चालतं, याचा मला अभिमान होता. पहाटे बनुबाई मला पेटवत. आधी लालासाहेबांची बादली, मग पोरांची.

पोरं दोन होती. एक बनुबाईंचा वीरधवल आणि दुसरा साईराज. साईराज हा लालासाहेबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. आई रानात राबायची, म्हणून साईराज बनुबाईंच्याच अंगाखांद्यावर वाढला. तो त्यांना 'थोरली आई' म्हणायचा. दोघांना बनुबाई एकाच चौरंगावर बसवून खसखसा घासायच्या. साबण डोळ्यांत गेला की दोघंही एकदम बोंबलायचे. दर सणाला त्या मला चिंच आणि राख लावून घासत, तेव्हा माझ्या अंगात त्या दोघांची वेडीवाकडी तोंडं दिसायची आणि ते हसून लोळायचे. सांगायला संकोच वाटत नाही, मित्रांनो, त्या काळात मी त्या घराचा राजा होतो.

पोरं मोठी झाली. वीरधवल फौजेत गेला. साईराजला कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. रोज फटफटीवर जायचा, संध्याकाळी येऊन आपलं रान बघायचा. घरं वेगळी झाली, तसं परसदारात एक बुटकी भिंत आली. भांडण नव्हतं. भिंतीवरून कालवणाची वाटी इकडून तिकडं जायची.

आणि मग एके दिवशी साईराजच्या छपरावर तो आला.

सोलर! काळ्या नळ्यांची एक फळी आणि तिच्या डोक्यावर पांढरी टाकी. साईराजनं कुपवाडहून सामान आणून स्वतःच्या हातानं बसवला. त्या सगळ्या वस्तीवरचा तो पहिला. मी खालून बघत राहिलो. त्याला कुणी पेटवावं लागत नव्हतं. कुणी फुंकर मारावी लागत नव्हती. तो नुसता उताणा पडून ऊन खायचा आणि पाणी आपोआप तापायचं. ना राख, ना धूर, ना डोळ्यांत पाणी. मी पहाटेपासून धुमसत बसावं आणि त्यानं झोपून मान मिळवावा, हा कुठला न्याय? पाहुणे आले की साईराज त्यांना छपराकडे बोट करून दाखवायचा. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत कीव असायची. हेव्याची पहिली ठिणगी माझ्यात तेव्हा पडली.

पुढे वीरधवलचं लग्न झालं आणि प्रियदर्शनी या घरात आली. माहेर वाईकडचं, शिकलेली, बोलायला धीट. बागेवर कधी कुठली फवारणी करायची हे लालासाहेब तिला विचारून ठरवायला लागले. माझ्या धुरानं तिचे डोळे चुरचुरायचे. एकदा ती म्हणालीही, "आई, आपणही सोलर बसवूया का?"

बनुबाई म्हणाल्या, "बसव की. पर माझ्या माघारी. माझ्या बापाची आठवण हाय ती."

प्रियदर्शनीनं पुन्हा तो विषय काढला नाही. रोज पहाटे तीच मला पेटवायची आणि पाणी तापेपर्यंत माझ्यासमोर पाटावर बसून मोबाइल बघायची. वीरधवलचा निरोप आला असेल तर सासूला वाचून दाखवायची. बनुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना अक्षर लागत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर, वेलींवर फुलोरा असताना, अवकाळी पाऊस आला. तो दिवस दिवस थांबेना. फुलोरा कुजला, घड झडून गेले. लालासाहेबांची बाग थोडी उंचावर होती म्हणून निम्म्याहून जास्त माल वाचला, पण खालच्या पट्टीतल्या कितीतरी बागा बसल्या. लालासाहेब परसदारी हात धूत म्हणाले, "असा पाऊस कवा बगितला न्हवता. ऋतूच फिरल्यात."

प्रियदर्शनीच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. चार दिवसांनी, माझ्यासमोर पाटावर बसून तिनं गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मोठा मजकूर लिहिला आणि सासूला वाचून दाखवला. "आपण सगळे हवामान बदललं म्हणून रडतो. मग यंदा आपल्या गावानं एक तरी गोष्ट सोडूया. ऊस तुटल्यावर मागे राहिलेलं वाळक्या पानांचं पाचट पेटवायचं सोडूया. मशीननं त्याची बारीक कुट्टी करून रानातच पसरूया. थोडा त्रास होईल, पण सुरुवात आपल्यापासून करूया."

बनुबाई म्हणाल्या, "ब्येस लिवलंस."

मोबाइल सारखा टिंगटिंगू लागला. टाळ्या, फुलं, जोडलेले हात. कुणी लिहिलं, "ताई, गावाला तुमच्यासारख्यांची गरज आहे." काहींनी शंका काढल्या, त्याही रास्त होत्या. पाचट ठेवलं तर उंदीर होतात, त्याचं काय? कुट्टीचं मशीन कुठून आणायचं? कारखान्यांची धुराडी दिवसरात्र ओकतात, मोठे देश आभाळभर विमानं उडवतात, आणि काडी ओढायची नाही ती फक्त शेतकऱ्यानं? प्रियदर्शनी एकेकाला सवडीनं उत्तर देत होती. दोनच दिवसांत मंडळी मशीन भाड्यानं आणायच्या गोष्टी करू लागली.

भिंतीपलीकडे आपल्या पायरीवर बसून साईराजही मोबाइल बघत होता. माझ्या जागेवरून मला दोघंही दिसायचे. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी लगेच ओळखलं. का नाही ओळखणार? तेच माझ्या पोटात कितीतरी दिवस धुमसत होतं. त्यानं सगळ्यांच्या आधी सोलर बसवला होता. तेव्हा गावानं एक टाळी पाठवली नव्हती. उलट "पैशाला भोक पडलंय" म्हणून हसले होते. आणि आता वहिनीनं नुसत्या चार ओळी लिहिल्या तर फुलांचा पाऊस!

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रियदर्शनीनं मला पेटवलं. काड्या दवानं ओल्या होत्या, धूर जरा जास्तच झाला. साईराज भिंतीपाशी आला, मोबाइल वर धरला आणि माझा फोटो काढला.

मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला! इतक्या वर्षांत माझा फोटो कुणी काढला नव्हता. सोलरचे फोटो निघायचे, ते मी गुपचूप बघायचो. आज माझी पाळी आली असं वाटलं. मी ऐटीत आणखी एक धुराचा लोट सोडला.

थोड्या वेळानं प्रियदर्शनीचा मोबाइल वाजला. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. फोटोखाली साईराजनं लिहिलं होतं, "पर्यावरणवाल्या मॅडमचा घरचा कारखाना. लोकांनी पाचट सोडायचं, हे धूर सोडणार." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. पप्पू म्हणून साईराजचा एक दोस्त होता, त्याचं रान लालासाहेबांच्या बागेला लागूनच. त्यानं माझ्या डोक्यावर आगगाडीचं इंजिन चिकटवून तो फोटो पुन्हा टाकला. दुपारपर्यंत शेजारच्या गावांतही माझा फोटो फिरला. असा नावलौकिक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

प्रियदर्शनीनं गप्प बसायला हवं होतं, किंवा उठून भिंतीपाशी जाऊन बोलायला हवं होतं. भिंत अशी बुटकी की पलीकडचा माणूस कमरेपासून वर दिसायचा. पण ती पाटावरून उठली नाही. अंगठे मोबाइलवर भराभर चालू लागले. "काहींना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. थोरल्या घरच्या अन्नावर वाढलेल्यांनी थोरल्या घरावर थुंकावं, यात नवल नाही."

पलीकडे साईराजनं ते वाचलं. तो जागच्या जागी ताठ झाला. मग त्याचे अंगठे चालू लागले. "नवरा फौजेत रक्त आटवतोय आणि काही लोकांना त्याच्या जिवावर पुढारीपण सुचतंय. घर सांभाळा, मग गाव."

दोघं एकमेकांसमोर बसले होते. मधे मी होतो आणि ती भिंत होती. एक शब्द तोंडातून निघाला नाही. नुसती टिंगटिंग ऐकू येत होती. बनुबाई चूल सारवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय चाललंय रं दोगांचं? बोला की तोंडानं!"

प्रियदर्शनी पदराचं टोक तोंडात धरून आत गेली. संध्याकाळी तिनं तो ग्रुपच सोडला.

माझा निकाल दुसऱ्याच दिवशी लागला. "आई," ती म्हणाली, "मला माफ करा, पण मी हा बंब पेटवणार नाही. लोक दाराशी येऊन हसतील." सुनेचे सुजलेले डोळे बनुबाईंना मोतीबिंदूतूनही दिसले असावेत. लालासाहेबांनी मला उचललं आणि बेदाणा शेडच्या मागे, चिंचेखाली नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून घरात गॅसवर पातेल्यात पाणी तापू लागलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

गार पडून मी छपराकडे बघत असायचो. सोलर होता तसाच उताणा, उन्हात चमकत. मला वाटायचं, याच्यावर एकदा गारा पडाव्यात. प्रियदर्शनीसाठी मी हौसेनं विझलो असतो, तर ती गोष्ट वेगळी. पण मला टोमण्यांनी विझवलं होतं. जे टोमणे मारून सोडायला लावलं जातं, त्याचा त्याग होत नाही, त्याची नुसती चीड उरते. माझी उरली होती आणि गावाचीही.

कारण गावात दोन तट पडले. मशीनची गोष्ट मागेच राहिली. पाचट पेटवणं ही आता मर्दुमकी झाली. एकेकजण आपलं रान पेटवून त्याचा व्हिडिओ टाकू लागला. कोण जिंकतंय एवढंच बघायचं, पावसाचं आणि बागांचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. जानेवारीत पप्पूचा ऊस तुटला. त्यानं लिहिलं, "आज आपण पेटवणार. कुणाच्या पोटात दुखतंय बघू." आणि साईराजनं कुपवाडहून, कामाच्या मधल्या सुट्टीत, उत्तर पाठवलं, "पेटव गड्या, मी हाय."

हे मला पुढे कळलं. मी त्या दुपारी बघितली ती आग.

पप्पूनं वारा पडलेला बघून काडी लावली होती. पण दुपार कलताना वारा फिरला. पाचट कडाडत पेटलं, ज्वाळा बांध ओलांडून लालासाहेबांच्या बागेत शिरल्या. बागेत घड भरत आले होते. खालचं वाळकं गवत पेटलं, ठिबकच्या नळ्या वितळून गळू लागल्या, काळा धूर वस्तीवर पसरला. लालासाहेब चप्पल न घालता धावले. प्रियदर्शनी ओलं पोतं घेऊन धावली. पप्पू स्वतः रडत, ओरडत फांद्यांनी आग बडवत होता. "काका, वारं फिरलं वो! मी मुद्दाम न्हाई केलं!"

तेवढ्यात साईराजची फटफटी आली. त्यानं ती उभीही केली नाही, तशीच आडवी टाकली. घरावर चढला, आपल्या टाकीला नळी लावली आणि बागेच्या दिशेनं सगळं पाणी सोडलं. ते संपलं तसं सोलरच्या टाकीतलंही सोडलं. विजेच्या तारा तापून तुटल्या होत्या, मोटारी बंद. मग तो खाली उतरून, ओलं पोतं डोक्यावर घेऊन, वेलींच्या ओळीत शिरला.

आणि तेव्हा चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. "बंब! बंब आणा! अरं, बंब बोलवा लवकर!"

मित्रांनो, माझ्या तांब्यात वीज सळसळली. आठवण झाली! शेवटी या लोकांना माझी आठवण झाली! चिंचेखालून मी मनानं अर्धा उठलो. या, मला उचला, भरा, मी तयार आहे. पण माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. थोड्या वेळानं रस्त्यावर घंटा वाजली आणि तासगावहून लाल रंगाची एक मोठी गाडी आली. लोकांनी वाट करून दिली. पोरं तिच्यामागे धावली. तिचंही नाव बंबच. सोलरचा हेवा मी सोसत होतो, आता माझ्या नावावरही दुसऱ्याचा हक्क निघाला. त्या धुरात, त्या कल्लोळात, मला लाज वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

दिवस मावळायच्या सुमारास आग विझली. निम्मी बाग गेली होती. वेली काळ्याठिक्कर, घड करपलेले. सगळ्यांची तोंडं काजळी फासल्यासारखी. लालासाहेब बांधावर बसून नुसते बघत होते. हवेत कडाक्याचा गारठा उतरू लागला.

बनुबाई काठी टेकत परसदारी आल्या. त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या, "पोरी, समदी भिजल्यात आन काकडल्यात. माझा बंब आण."

प्रियदर्शनीनं आणि पप्पूनं मला चिंचेखालून आणलं, जुन्या जागी बसवलं आणि हौदात उरलेलं पाणी बादल्यांनी भरलं. मी बंद झाल्यावर काड्यांच्या मोळ्या देऊन टाकल्या होत्या, घरात एकही उरली नव्हती. पप्पू बागेकडे गेला आणि जे हाताला लागलं ते घेऊन आला. अर्धवट जळालेले, अजून धगधगणारे वेलींचे बुंधे.

ते माझ्या पोटात पडले आणि मला त्यांचा वास ओळखू आला. याच वेलींनी दरवर्षी आपल्या काड्या मला दिल्या होत्या. छपरावर सोलर रिकामा पडला होता आणि मी पेटलो होतो. मनासारखं झालं होतं. पण ज्यांनी मला पोसलं त्यांनाच जाळून मी जिंकलो होतो. असलं जिंकणं घशाखाली उतरत नाही.

पाणी तापलं. साईराज भिंतीपलीकडे उभा होता. भुवया करपलेल्या, हाताला फोड. त्याच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता, पण तो इकडे यायला धजत नव्हता.

"ये की रं," बनुबाई म्हणाल्या. "आंग धुवायला काय आवतण पायजे व्हय?"

तो भिंत ओलांडून आला. मान खाली.

"आदी एक काम कर," त्या म्हणाल्या. "तू माझ्या सुनंला त्या मोबाइलात काय लिवलं हुतंस, ते मला वाचून दाव. ही सांगत न्हाई, नुसती रडती. मला अक्षर दिसत न्हाई. तूच लिवलंयस न्हवं? मग तूच वाच."

साईराजनं मोबाइल काढला. काजळीच्या बोटानं बराच वेळ शोधलं. "नवरा फौजेत..." इतकं वाचलं आणि समोर प्रियदर्शनी उभी होती. तिच्या हाताला चटका बसला होता, त्यावर तिनं ओला पदर गुंडाळला होता. त्याच्या तोंडातून पुढचा शब्द निघेना.

"का रं? लय मोठं लिवलंय का?" बनुबाईंनी विचारलं.

"वाचवंना, थोरली आई," तो म्हणाला. "हे तोंडानं म्हणाय येत न्हाई."

"म्हणाय येत न्हाई ते लिवलंस कसं मग?"

तो खाली बसला आणि लहानपणी साबण डोळ्यांत गेल्यावर रडायचा तसा रडू लागला. "मीच पप्प्याला म्हणालो पेटव म्हणून. माझ्यामुळं बाग गेली."

प्रियदर्शनी पुढे आली. "आई, मीही लिहिलं होतं. ह्यांच्या आधी." तिनं सासूकडे बघत ते सांगायला तोंड उघडलं. "थोरल्या घरच्या..." आणि तिलाही ते पुरं करता आलं नाही. जिनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्यासमोर त्याच्या अन्नाचा हिशेब कसा काढायचा? ती साईराजकडे वळली. "भावजी, माझं चुकलं. अन्नाचं बोलायला नको होतं."

"सोलर मी बसवला तवा कुणी फूल पाठवलं न्हवतं वहिनी," साईराज पटकन म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "तेच डोक्यात बसलं हुतं."

"मला तेव्हाच म्हणायचं होतं, सोलर छान केलात म्हणून. राहून गेलं."

बनुबाईंनी तोटी फिरवली आणि बादली भरली. "घ्या आता. पाणी निवतंय."

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्यातून बादलीमागून बादली निघाली. साईराज, पप्पू, लालासाहेब, शेजारची माणसं, सगळ्यांची काजळी माझ्या पाण्यानं उतरली. कुणी माझा फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियदर्शनी मला पेटवायला आली, तेव्हा बनुबाईंनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता मी आपणहून सांगते. कुणी हसलं म्हणून न्हवं. काल त्यो धूर छातीत गेला, तवा मला कळलं तू काय म्हणत हुतीस." आणि माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाल्या, "लय राबलास रं. बस आता."

मी विझलो. या वेळी चीड उरली नाही, कारण मला हसून कुणी विझवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साईराजनं सोलरच्या टाकीपासून एक नळी काढली, भिंतीवरून आणली आणि बनुबाईंच्या न्हाणीत सोडली. ती नळी माझ्या डोक्यावरून जाते. तिच्यातून गरम पाणी वाहतं तेव्हा मला ऐकू येतं. सोलरविषयीचा हेवा पार गेला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?

गावानं पाचटाचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी एकदम सोडलं नाही. जळालेल्या बागेच्या बांधावर माणसं समोरासमोर बसली. पप्पूनं सगळ्यांत आधी कुट्टीचं मशीन आणायचं कबूल केलं. पुष्कळांनी मान हलवली, काहींनी नाही. साईराज अजून म्हणतो की खोडव्याच्या, म्हणजे तुटल्या उसाला पुन्हा फुटवा धरलेल्या, रानात थोडं तरी पेटवावंच लागतं, आणि प्रियदर्शनी म्हणते की लागत नाही. त्यांचा हा वाद मी रोज ऐकतो. आवाज चढतात, हातवारे होतात. मग बनुबाई आतून ओरडतात, "भाकरी करपली!" आणि तो म्हणतो, "जातो वहिनी, पर तुमचं चुकतंय," आणि ती म्हणते, "जा भावजी, उद्या सांगते कुणाचं चुकतंय ते."

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला ही पृथ्वी सांभाळायची आहे, त्यासाठी कुणाला ना कुणाला काहीतरी सोडायला सांगावंच लागेल. ते खुशाल सांगा, भांडा, पटलं नाही तर स्पष्ट नाही म्हणा. फक्त जे लिहिलं आहे ते पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा, तो माणूस समोर ओला, काकडत उभा आहे असं समजून. वाचता आलं, तर पाठवा. आवाज अडला, तर मोबाइल खाली ठेवा आणि त्याच्या दारात जा.

चला, भिंतीपलीकडून साईराज हाक मारतो आहे, "वहिनी, सोडू का पाणी?" आता ती नळी माझ्या डोक्यावरून गुणगुणत जाईल. मी ऐकत राहीन, आणि थोडासा जळतही राहीन. पण माझ्या या जळण्याचा कुणाला धूर लागणार नाही.